पडवी ओली, माजघर कोरडं : किनाऱ्यावरच्या गावात आठ दिवसांची प्रयोगशाळा

पहिला प्रकल्प मिळतो, किनारा ठरतो आणि गाईड जाता जाता म्हणतात, "तिथेच एक छोटी लॅब लावा." त्यानंतर बहुतेक जण यंत्रांची यादी करायला बसतात. मीही बसले होते. मालवणच्या दक्षिणेला एका वाडीत टेम्पो भरून सामान नेलं आणि आठ दिवसांत त्यातलं निम्मं उघडलंसुद्धा नाही. हॉट एअर ओव्हन परत निघेपर्यंत खोक्यातच होता. साध्या पेन्सिली, लांब वायर आणि गोड्या पाण्याची आणखी एक टाकी मात्र नव्हती, आणि रोज लागत होती.

तेव्हापासून मी यादी दुसऱ्या टोकाकडून करते. प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारायचा: हे किती वेळ थांबू शकतं? पाण्याचं तापमान, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन, प्राण्यांचे जिवंतपणीचे रंग ही मिनिटांची कामं. क्लोरोफिलसाठी पाणी गाळणं तासांचं काम. फॉर्मलिनमधले प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), पोषक क्षारांसाठी गोठवलेलं पाणी, वाळूचे नमुने आठवडे-महिने थांबतात. पहिल्या दोन गटांपुरतीच गावातली प्रयोगशाळा मांडायची. तिसऱ्या गटाची फक्त बांधाबांध करायची. "सूक्ष्मदर्शक आहेच, तर तिथेच ओळख पटवू" असं कोणी म्हटलं की मी हसून विषय बदलते.

पुढचं सगळं सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला धरून आहे, कारण तो मला माहीत आहे. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आधी तिथी, मग तिकीट

खडपांवरचं, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवरचं काम ओहोटीवर चालतं आणि ओहोटी तिथीवर. पहिल्या खेपेला मी शनिवार-रविवार बघून तारखा काढल्या होत्या आणि नेमकी भांगाची भरती-ओहोटी पदरात पडली. पाणी धड खाली जाईना, धड वर येईना. आमच्या होडीचे तांडेल आबा पडवीत विडी ओढत होते. म्हणाले, "तिथीची पाऊणपट कर. पंचांग खोटा बोलाचा नाय."

हिशोब सोपा आहे. तिथीला तीन चतुर्थांशाने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, आणि रोज सगळं पाऊण-एक तासाने पुढे सरकतं. जागेनुसार फरक पडतो, म्हणून नेमक्या वेळेला आणि उंचीला सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकंच वापरा. पण बेत आखताना पाऊणपट पुरते.

यातून नवख्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट निघते. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची, सगळ्यात खालची ओहोटी आपल्याकडे पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणजे तुमचं सर्वांत मोलाचं काम अर्धं अंधारात होणार. डोक्याला लावायच्या बॅटऱ्या माणशी दोन घ्या.

सगळ्यात खोल ओहोटी पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी मिळते. म्हणून एकादशीला गावात पोचायचं, दोन दिवस मांडामांड आणि एक रंगीत तालीम, चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत काम, चतुर्थीला गाशा गुंडाळायचा. होडीचं काम सकाळी उरका. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे असतात आणि समुद्र तुलनेने शांत असतो. दुपारी खारे वारे सुटले की लहान होडीत बाटली धरणं मुश्कील होतं. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादची इनकॉइस ही संस्था देते. तो रोज पाहा आणि मग तांडेलाला विचारा. दोघांचं जुळलं नाही तर तांडेलाचं ऐका.

कागद आणि माणसं

मालवणच्या सागरी अभयारण्यात (१९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर) काही गोळा करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी हवी. अभयारण्याबाहेरही १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्री काकडी यांना हात लावायचा नाही. जाळ्यात मेलेला मिळाला तरी नाही. फोटो काढा, जागा टिपा, सोडून द्या. अर्ज तीन-चार महिने आधी करा.

शुद्ध इथेनॉल संस्थेला राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्यावर मिळतं. परवान्याची प्रत गाडीत पुढच्या सीटवर ठेवा. गोव्याहून बांद्यामार्गे येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासतात, आणि "हे खेकड्यांसाठी आहे" हे वाक्य रात्री अकरा वाजता कितीही खरं असलं तरी पटत नाही. आम्ल, फॉर्मलिन, स्पिरिट रेल्वेने किंवा एसटीने न्यायचा विचारही नको. त्यासाठी स्वतंत्र गाडी करा.

ग्रामपंचायतीला, मच्छीमार सहकारी संस्थेला आणि जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला पत्र द्या. माणसांची नावं, गाडीचा नंबर, कामाच्या वेळा, सगळं त्यात लिहा. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी माणसांकडे लक्ष असतं, आणि तुम्ही तर पहाटे चारला बॅटऱ्या घेऊन खडपांवर फिरणार. गावकऱ्यांनी पोलिसांना फोन केला तर त्यांचं काही चुकलं नाही.

गावाशी बोलताना प्रकल्पाचं नाव सांगू नका, काम सांगा. "पाण्यात किती प्राणवायू आहे ते बघतो, मासे धरणार नाही" एवढं पुरतं. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागणार असेल त्या पुळणीवर त्या दिवशी जाऊ नका. दोर पसरलेला असताना मधून चालत गेलात तर आठ दिवस कोणी बोलणार नाही.

घर बघताना

काही बांधायच्या फंदात पडू नका. सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, वेळही नाही, आणि गरजही नाही. कोकणातलं जुनं चिरेबंदी कौलारू घर ही जवळजवळ तयार प्रयोगशाळा असते. पत्र्याची शेड स्वस्त मिळते, पण दुपारी आत भट्टी होते.

पडवी ओली. बादल्या, टब, चाळण्या, चिखलाचे बूट, जिवंत प्राणी पडवीतच थांबतात. माजघर कोरडं. सूक्ष्मदर्शक, टायट्रेशन, वह्या, लॅपटॉप तिथे. न्हाणीत भांडी धुवायची. खळ्यात, उघड्यावर आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून फॉर्मलिनचं काम करायचं. उंबरठा ही सीमा. मिठाचं पाणी लागलेला हात उंबरठा ओलांडत नाही. दाराशी गोड्या पाण्याची बादली आणि टॉवेल ठेवा, आणि गाईडसकट सगळ्यांना हा नियम लावा. खारं पाणी यंत्राला लगेच मारत नाही. ते बटणांत, स्क्रूंत शिरतं आणि तिसऱ्या खेपेला यंत्र बंद पडतं, तेव्हा कारण कोणालाच आठवत नाही.

घर ठरवण्याआधी दिवसा एकदा जाऊन पाहा. किनारा पायी दहा मिनिटांत आहे का? विहिरीचं पाणी मचूळ तर नाही ना? आणि अर्थिंग आहे का? जुन्या घरांत ते बऱ्याचदा नावालाच असतं आणि आपण ओल्या हातांनी वायरींशी खेळणार असतो. गावातल्या वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा, गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. हा खर्च मी घासाघीस न करता करते.

आमच्या घरमालकीण काकींनी पहिल्या दिवशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. त्यात "ह्यांच्या बाटल्ये फुटा नयेत" हेही होतं. तुमच्याकडे असं कोणी असेल तर मध्ये घड्याळ बघू नका.

वीज, पाणी, बर्फ

वीज जाणार हे धरूनच चाला. छोटा डीप फ्रीझर चालताना दीडशे वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देतो. म्हणून इन्व्हर्टर हिशोबापेक्षा मोठा घ्या. दीडशे अँपिअर-तासांची एक चांगली बॅटरी छोट्या फ्रीझरला रात्रभर निभावून नेते. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरा. भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर वीज नसतानाही दिवसभर थंडी धरून ठेवतो. दारावर चिठ्ठी लावा: कोण उघडणार, दिवसातून किती वेळा. फ्रीझरला आणि सूक्ष्मदर्शकाला स्टॅबिलायझर हवाच.

ऑटोक्लेव्ह नेऊ नका. एक किलो दाबाचा घरगुती प्रेशर कुकर साधारण १२१ अंशांपर्यंत जातो. छोट्या बाटल्या आणि पिपेटची टोकं त्यात वीस मिनिटांत होतात. फक्त तो कुकर रंगाने खूण करून वेगळा ठेवा, त्यात पुन्हा भात शिजता कामा नये.

डिस्टिल्ड वॉटर संस्थेतून कॅनमध्ये भरून आणा. गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी भांडी खंगाळायला ठीक, द्रावणं बनवायला नाही.

बर्फ मासळी बंदरावर मिळतो, लादीच्या हिशोबाने. पण साधा बर्फ शून्याखाली नेत नाही. शून्याखाली जायचं तर कुल्फीवाल्याची युक्ती करा: तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ. नीट कालवलं तर उणे दहा-पंधरापर्यंत सहज उतरतं. जनुकीय कामासाठी याहून थंड लागत असेल तर द्रवरूप नायट्रोजन आहे, उणे १९६ अंश. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी तो येत असतो. तो मागून घेण्यासाठी नव्हे, पण पुरवठ्याची गाडी कुठून आणि कधी येते हे तिथे कळतं.

पुड्या बांधा

गावात तराजू लावायचा नाही. पंखा, वारा, हलतं टेबल यांत तो चार दशांश दाखवतो, पण त्यांवर विश्वास कोण ठेवणार? सगळी रसायनं संस्थेतच तोला आणि एका द्रावणाला एक अशा पुड्या झिपच्या पिशव्यांत बांधा. पिशवीवर लिहा: "यात २५० मिली पाणी घाला." गाळणीचे कागदही आधीच तोलून, क्रमांक घालून न्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि संपूर्ण मोहीम त्यावर चालते.

सूक्ष्मदर्शक रात्री पेटीत सिलिका जेलसह ठेवा. लाकडी कपाट असेल तर त्यात जुना पिवळा बल्ब पेटता ठेवला की आत दमटपणा राहत नाही. कापड, कागद मात्र त्याच्यापासून लांब ठेवा. एलईडी लावून उपयोग नाही, त्याला पुरेशी ऊब नसते.

ऑक्सिजनची बाटली

एकच पद्धत तपशिलात सांगते, कारण नवखे इथेच सगळ्यात जास्त हुकतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत १८८८ ची आहे आणि वीज नसताना आजही तीच कामी येते.

सँपलरची (पाणी भरून घ्यायच्या साधनाची) रबरी नळी १२५ मिलीच्या बाटलीच्या तळापर्यंत घाला. पाणी हळू सोडा, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्या, मग नळी न हलवता बाहेर काढा. बाटली उजेडाकडे धरून मानेजवळ बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून द्या आणि पुन्हा भरा. मग मँगनीज क्लोराइडचं द्रावण १ मिली, त्यावर अल्कधर्मी आयोडाइड १ मिली, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली नेऊन. बूच तिरकं सरकवत लावा, वर आलेलं पाणी ओसंडू द्या. पंधरा-वीस वेळा उलटीपालटी करा. काताच्या रंगाचा गाळ धरतो आणि हळूहळू बसतो. गाळ पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. कांदळवनातल्या कुजक्या डबक्यांत असं होतं. उथळ खुल्या समुद्रात झालं तर आधी तुमची द्रावणं तपासा.

हे सगळं होडीत किंवा खडपावर, तिथल्या तिथे करायचं. बाटल्या पाण्यात बुडवून, अंधारात घरी आणा. माजघरात सल्फ्युरिक आम्ल घाला, गाळ विरघळून पिवळं पाणी होईल. थायोसल्फेट थेंब थेंब सोडा. रंग सुक्या गवतासारखा फिका झाला की मगच स्टार्च घाला, निळं होईल. निळा रंग जाईल तो बिंदू टिपा. थोड्या वेळाने निळं परत उमटतं. घाबरू नका आणि आणखी थेंब घालू नका. थायोसल्फेटची ताकद बदलत राहते, म्हणून रोज पोटॅशियम आयोडेटशी ताडून बघा. स्टार्च उष्म्याने आंबतो, तो दोन दिवसांआड ताजा करा.

क्लोरोफिलचं थोडक्यात: काचतंतूंचा ०.७ मायक्रॉनचा कागद, हातपंपाने हलका दाब, खोली अंधारी. किनाऱ्याजवळ एक लिटर, गढूळ खाडीत पाव लिटरही पुरे होतं. कागदावर स्पष्ट रंग दिसला की थांबा. घडी घालून फॉइलमध्ये गुंडाळा आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवा. पोषक क्षारांसाठीचं पाणी गाळून, बाटलीत वर रिकामी जागा सोडून गोठवा. सिलिकेटची बाटली मात्र गोठवायची नाही, नुसती थंड ठेवायची.

खडपावर, आणि परत

सगळ्यात खालच्या पाण्याच्या दीड तास आधी उतरा. पाण्यामागून खाली जायचं, पाण्याच्या पुढे वर यायचं. एकटं जायचं नाही, समुद्राकडे पाठ करायची नाही, पायात मासेमारांचे घट्ट रबरी बूट. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. पाकटाचा काटा लागला तर पाय सोसवेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवा आणि दवाखाना गाठा. जवळचा दवाखाना कुठे, रात्री उघडा असतो का, हे पहिल्याच दिवशी विचारून भिंतीवर लिहा.

जीव मोजायची चौकट पीव्हीसी पाइपची, ५० बाय ५० सेंटिमीटर. दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा. खालचे जीव उन्हात तासाभरात मरतात.

आणलेले प्राणी थेट फॉर्मलिनमध्ये टाकले तर आक्रसून ओळखू येईनासे होतात. समुद्री किडे, गोगलगायी यांना आधी गुंगवावं लागतं. त्यासाठी मेंथॉल लागतं आणि ते कोकणातल्या कुठल्याही बऱ्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. मेंथॉल म्हणू नका, पुदिन्याचं फूल म्हणा. अमृतधारेसाठी लोक तेच नेतात. दोन-तीन खडे ट्रेमधल्या समुद्राच्या पाण्यावर टाका, झाका, टोचल्यावर हालचाल थांबेपर्यंत वाट बघा. मग एक भाग बाजारी फॉर्मलिनला नऊ भाग समुद्राचं पाणी, थोडा बोरॅक्स. बाटलीत प्राणी एक तृतीयांशाहून जास्त नकोत. डीएनए हवा असेल तर फॉर्मलिनच्या आसपासही नको, थेट शुद्ध इथेनॉलमध्ये.

ट्रे झाकायचा हे मी वाचून शिकले नाही. काकींच्या मांजरीने आमचे सात खरबी मासे एका रात्रीत खाल्ले.

आणि लेबल. दुसऱ्या खेपेला मी सगळ्या बाटल्यांवर मार्करने सुबक अक्षरात लिहिलं होतं. बर्फाच्या पेटीत एका बाटलीतलं इथेनॉल झिरपलं. पेटी उघडली तर तेवीस बाटल्या कोऱ्या, आणि तळाशी निळसर पाणी. तेवीसपैकी नऊ कुठल्या डबक्यातल्या ते वहीवरून जुळवता आलं. बाकीच्यांचा आजवर उपयोग नाही. म्हणून लेबल पेन्सिलीने, ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर, बाटलीच्या आत टाका. बाहेरचं लेबल ही फक्त सोय. वहीसुद्धा पेन्सिलीनेच लिहायची, वेळ चोवीस तासांची, आणि रोज रात्री प्रत्येक पानाचा फोटो. रेंज मिळेल त्या टेकाडावर जाऊन ते फोटो गावाबाहेरच्या कोणालातरी पाठवून द्या.

गुंडाळताना

वापरलेलं फॉर्मलिन, मँगनीजचं पाणी, ॲसिटोन यांतला थेंबही विहिरीजवळ, न्हाणीत किंवा समुद्रात जाता कामा नये. वेगळे कॅन, घट्ट झाकण, संस्थेत परत. नुसतं उरलेलं आम्लही कॅनमध्येच. चुकून सांडलं तर खायचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत. जिवंत प्राणी ज्या डबक्यातून आणले त्याच डबक्यात, ओहोटीला सोडा. पडवी गोड्या पाण्याने दोनदा धुवा. यंत्रं ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसून दोन तास उघडी ठेवा आणि मगच पेटीत घाला.

गोठवलेले नमुने सगळ्यात शेवटी काढायचे, सगळ्यात शेवटी गाडीत चढवायचे. झिपची पिशवी, ती स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा बर्फ-मिठात, आणि पेटी डिकीत न ठेवता मागच्या सीटवर माणसाशेजारी. फोंडा घाटातून कोल्हापूरला जाणार असाल तर कणकवलीला थांबून पेटी उघडून बघा. खाली पाणी जमलेलं दिसेल आणि ते काढून टाकावंसं वाटेल. काढू नका, त्या खाऱ्या पाण्यातच गारवा असतो. वरून फोडलेला बर्फ आणि मूठभर मीठ घाला, झाकणाला चिकटपट्टी लावा, आणि घाटाला लागा.